यादी दिसते, गाणं लागत नाही : फोन आणि संगणकातल्या प्लेलिस्टच्या दुखण्यावर उपाय

संगणकावर नीट लावलेली प्लेलिस्ट फोनमध्ये टाकली की बहुतेकांची गाडी तीनपैकी एका ठिकाणी अडते. यादीचं नाव दिसतं, पण आत काहीच नसतं. किंवा गाण्यांची नावं दिसतात, पण दाबलं की 'फाइल सापडत नाही' असं येतं. किंवा आज सगळं व्यवस्थित चालतं आणि पुढच्या आठवड्यात निम्मी यादी गायब होते. तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त छळतो, कारण दुखणं गेलं असं वाटून आपण निर्धास्त झालेलो असतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हा प्रश्न अजून जिवंत आहे. बेळगाव शहरात टिळकवाडीत बसलेला माणूस नेटवरून थेट गाणी ऐकेल. जांबोटी सोडून कणकुंबीच्या बाजूला जंगलात शिरलं की नेटवर्कचा भरवसा नाही. तिथल्या भजनी मंडळाला काकड्यासाठी, हरिपाठासाठी, सप्ताहासाठी चाली बसवायच्या तर रेकॉर्डिंग फोनमध्ये उतरवलेलंच लागतं. शिवाय आपल्याकडची यादी एका भाषेत मावत नाही. भीमसेन जोशींचे मराठी अभंग झाले की त्यांचीच कन्नड दासवाणी, म्हणजे हरिदास संतांची पदं, आणि तिच्या मागोमाग याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. मराठी, कन्नड आणि हिंदी नावं एका यादीत आली की काही वेगळ्याच अडचणी उभ्या राहतात. सगळ्या इंग्रजी नावांची यादी असणाऱ्याला त्या कधी भेटत नाहीत, म्हणून मदतपानांवरही त्यांचा उल्लेख नसतो. त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसू द्या. प्लेलिस्टमध्ये गाणी नसतात, गाण्यांचे पत्ते असतात. एम३यू नावाची यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल. नोटपॅडमध्ये उघडली तर एका ओळीत एक पत्ता दिसतो. संगणकाचा पत्ता फोनमध्ये चालत नाही, एवढ्या एका कारणात निम्म्याहून जास्त तक्रारी निघतात.

खानापूरहून भाचा फोन करतो, "मामा, यादी दिसालीय, पण गाणं एकबी लागेना." त्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यादी सोड. गाणी सुटी सुटी लागतात काय बघ की." सुटी लागत असतील तर गाणी फोनमध्ये पोचलेली आहेत आणि दोष यादीत आहे. सुटीसुद्धा लागत नसतील तर यादीला हात लावण्यात अर्थ नाही, गाणीच नीट आलेली नाहीत. हा फरक पहिल्याच मिनिटात करून घ्या, पुढची सगळी खटपट वाचते.

गाणीच पोचत नसतील तर

केबलपासून सुरुवात करा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी कितीतरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. फोन चार्ज होतोय म्हणजे केबल चांगली, असं धरू नका. केबल बरोबर असेल तर फोन जोडल्यावर वरची पट्टी खाली ओढून यूएसबीच्या सूचनेत 'फाइल ट्रान्सफर' निवडा. अँड्रॉइड फोन जोडला की आपणहून 'फक्त चार्जिंग'वरच राहतो. मॅक वापरत असाल तर अँड्रॉइड फोन तिथे नुसता जोडून दिसत नाही, ओपनएमटीपीसारखं वेगळं अ‍ॅप लागतं.

फाइली गेल्या, फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये दिसतात, पण गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये नाहीत, असं असेल तर फोन एकदा बंद करून चालू करा. फोन आपल्याकडच्या गाण्यांची एक सूची ठेवतो आणि ती ताजी व्हायला कधी वेळ घेतो. तरीही दिसत नसतील तर त्या फोल्डरमध्ये 'नोमीडिया' नावाची लपवलेली फाइल आहे का पाहा. नावाच्या सुरुवातीला टिंब असतं, म्हणून 'लपवलेल्या फाइली दाखवा' हा पर्याय चालू केल्याशिवाय ती दिसत नाही. ती असली की गाण्यांची अ‍ॅप्स तो अख्खा फोल्डर वगळतात. पुसून टाका, प्रश्न मिटला.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. डेस्कटॉपवरून कॉपी चालू असताना वीज गेली तर शेवटची फाइल अर्धवट राहते. नाव दिसतं, गाणं मध्येच तुटतं. दोन्हीकडच्या फाइलींचा आकार ताडून पाहा, लगेच कळेल.

पत्ता दुरुस्त करणे

आता मुख्य काम. यादीची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. आत साधारण अशी ओळ दिसेल. प्रत्यक्षात ड्राइव्हचं नाव आणि शेवटचं एमपीथ्री इंग्रजीत असतं, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत दिलंय आणि शेवट गाळलाय :

डी:\गाणी\काकडा\०१ भूपाळी

फोनमध्ये डी ड्राइव्ह नावाचं काही नसतं. तिथे हेच गाणं असं राहतं (स्टोरेजपासून म्युझिकपर्यंतचा भाग प्रत्यक्षात इंग्रजीत) :

/स्टोरेज/इम्युलेटेड/०/म्युझिक/गाणी/काकडा/०१ भूपाळी

मेमरी कार्डात असेल तर आणखी वेगळं. कार्डाच्या पत्त्यात मधे चार-चार अक्षरांचा एक क्रमांक येतो आणि तो त्या कार्डाचा स्वतःचा असतो. कार्ड बदललं किंवा फॉरमॅट केलं की क्रमांक बदलतो, आणि कालपर्यंत चालणाऱ्या सगळ्या याद्या एका झटक्यात मरतात. 'काहीच केलं नाही, तरी बंद पडलं' म्हणणाऱ्यांना मी आधी कार्डाबद्दल विचारतो.

उपाय असा की पत्ता पूर्ण लिहायचाच नाही. यादीची फाइल 'गाणी' या मुख्य फोल्डरमध्येच ठेवायची आणि आत फक्त तिथून पुढची वाट लिहायची :

काकडा/०१ भूपाळी

आता 'गाणी' फोल्डर डी ड्राइव्हवर असो, फोनच्या मेमरीत असो की कार्डात, यादी स्वतः जिथे आहे तिथूनच शोध सुरू करते. फोल्डर उचलून कुठेही न्या, आतली रचना तीच ठेवा.

नोटपॅडमध्ये हे काम दोन पावलांत होतं. कंट्रोल आणि एच दाबा. शोधायच्या खिडकीत 'डी:\गाणी\' एवढा भाग घाला, बदलायची खिडकी रिकामी ठेवा आणि 'सगळे बदला' म्हणा. दुसऱ्या फेरीत उलटी तिरकी रेघ शोधून तिच्या जागी सरळ तिरकी रेघ घाला. विंडोज फोल्डरांच्या मधे उलटी रेघ वापरतं, अँड्रॉइड सरळ. सरळ रेघ विंडोजवरच्या व्हीएलसीसारख्या प्लेअरलाही चालते, त्यामुळे एकच यादी दोन्हीकडे वापरता येते. याद्या वारंवार बनवणाऱ्यांनी म्युझिकबीसारखा प्लेअर घ्यावा. फोनवर पाठवताना पत्ता कसा लिहायचा ते त्यात एकदा ठरवून देता येतं, मग हाताने बदलायला नको.

यादीचा प्रकारही पाहून घ्या. विंडोजचे स्वतःचे प्लेअर डब्ल्यूपीएल किंवा झेडपीएल प्रकारची यादी बनवतात आणि फोनमधली बरीच अ‍ॅप्स तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. एम३यू किंवा एम३यू८ हाच प्रकार धरून चाला. अँड्रॉइडमध्ये फोनच्या स्वतःच्या गाणे-सूचीत प्लेलिस्ट ठेवायची जी जुनी सोय होती, ती १२व्या आवृत्तीपासून गूगलनेच मोडीत काढायला ठेवलीय आणि पर्याय म्हणून एम३यू फाइलीच सुचवल्यात. पूर्वी एका अ‍ॅपमध्ये केलेली यादी दुसऱ्या अ‍ॅपमध्ये आपोआप दिसायची. आता प्रत्येक अ‍ॅप आपली यादी आपल्यापाशी ठेवतं. अ‍ॅप काढून टाकलं की यादीही गेली, म्हणून अधूनमधून 'एक्स्पोर्ट' करून फाइल बाहेर काढून ठेवा.

यादी बरोबर असूनही फोनवरच्या अ‍ॅपला ती दिसतच नाही, असंही होतं. नव्या अँड्रॉइडमध्ये 'संगीत आणि ऑडिओ' ही परवानगी फक्त गाण्यांना लागू पडते. एम३यू हे गाणं नव्हे, मजकूर आहे, त्यामुळे काही अ‍ॅप्सना तो फोल्डर वेगळा निवडून द्यावा लागतो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'फोल्डर निवडा' असेल तिथे जाऊन 'गाणी' फोल्डर दाखवा. म्युझिकोलेट, पॉवरॲम्प, व्हीएलसी, कुठलंही वापरा. नेटशिवाय चालणारं आणि एम३यू वाचणारं असलं की झालं.

मराठी आणि कन्नड नावांची खोच

ज्यांच्या याद्या देवनागरीत किंवा कन्नड लिपीत आहेत त्यांनी हा भाग सावकाश वाचा.

पहिली अडचण प्रश्नचिन्हांची. यादी उघडली आणि नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं किंवा अगम्य खुणा दिसल्या तर ती जुन्या पद्धतीने जतन झालीय. साधं एम३यू पूर्वी त्या त्या संगणकाच्या स्थानिक संकेतात लिहिलं जायचं आणि त्यात आपली लिपी बसत नसे. एम३यू८ मधला ८ म्हणजे यूटीएफ-८, त्यात मराठी, कन्नड, हिंदी सगळं बसतं. प्रश्नचिन्हं झालेल्या फाइलीतून नावं परत मिळत नाहीत. प्लेअरमध्ये जाऊन यादी एम३यू८ म्हणून पुन्हा जतन करा. नोटपॅडमधून जतन करताना खाली 'एन्कोडिंग' मध्ये यूटीएफ-८ निवडा. शेजारचा 'बॉम'सह असलेला पर्याय नको, त्याने फाइलीच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण बसते आणि काही प्लेअर पहिलंच गाणं गाळतात. नावांच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची रांग दिसली तर तो प्रकार वेगळा. काही प्लेअर नावं वेबच्या पत्त्यासारखी लिहितात आणि फोनमधलं अ‍ॅप ते उलगडेलच असं नाही. तेव्हाही दुसऱ्या प्लेअरमधून यादी पुन्हा काढणं सोपं.

जुन्या सीडींवरून उतरवलेल्या गाण्यांना श्रीलिपी किंवा नुडीसारख्या फॉन्टमध्ये नावं दिलेली असतील तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या सामाईक संकेतात, नाहीत. ती डोळ्यांनी वाचून नव्याने टाइप करायची किंवा बदलून देणाऱ्या साधनातून काढायची.

दुसरी अडचण फार फसवी आहे. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'साऱ्या' असल्या शब्दांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं आणि पुढे हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच दिसतात. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं. फाइलीचं नाव संगणकाच्या कीबोर्डवर एका तऱ्हेने आणि यादीतली ओळ फोनच्या कीबोर्डवर दुसऱ्या तऱ्हेने टाइप झाली की गाणं डोळ्यांसमोर असूनही 'सापडत नाही' येतं. बाकी सगळी गाणी लागतात आणि नेमकं 'ऱ्य' असलेलं अडतं, तेव्हा हाच दोष समजा.

त्यात जुना मॅक मधे आला तर गुंता वाढतो. मॅकची जुनी फाइल व्यवस्था ऱ हे अक्षर फोडून र आणि नुक्ता (खालचं टिंब) असं साठवायची. कन्नडमध्ये दीर्घ ई, ए आणि ओच्या मात्रांचं तेच, एक मात्रा दोन किंवा तीन तुकड्यांत जाते. म्हणजे पुरंदरदासांची पदं मॅकवरून पेनड्राइव्हने आणली की फाइलींची नावं फुटलेल्या रूपात येतात आणि विंडोजवर टाइप केलेली यादी त्यांना ओळखत नाही.

यावर साधा नियम : यादीत नाव कधीही हाताने टाइप करायचं नाही. फाइलीवर जाऊन नाव बदलण्याचा पर्याय उघडा, नाव कॉपी करा, यादीत चिकटवा. किंवा प्लेअरमध्ये गाणं ओढून टाका आणि यादी त्यालाच लिहू द्या. मोठा संग्रह असेल आणि कटकट कायमची मिटवायची असेल तर फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत छोटी ठेवा आणि खरं मराठी, कन्नड नाव गाण्याच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीच्या आतच साठवलेल्या माहितीत, लिहा. पडद्यावर टॅगमधलंच नाव दिसतं. मराठी नावाचं प्रेम मलाही आहे, पण ते जिथे दिसतं आणि टिकतं तिथे, म्हणजे टॅगमध्ये ठेवणं मला पटतं.

तिसरी अडचण लांबीची. विंडोजवर फाइलीच्या नावाला २५५ खुणांची मर्यादा आहे, फोनच्या अंतर्गत मेमरीत २५५ बाइटची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'ज्ञानेश्वर' हा शब्द घ्या. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, अशा दहा खुणा, म्हणजे ३० बाइट. या हिशोबाने मराठी नावाला जेमतेम ८५ खुणा मिळतात. अभंगाचा पूर्ण चरण, गायकाचं नाव, राग, गाव आणि तारीख असं सगळं फाइलीच्या नावात कोंबलं तर विंडोजवर ते राहतं आणि फोनवर कॉपी करताना नेमकं तेवढंच गाणं अडतं. संदेशात 'कॉपी होऊ शकली नाही' एवढंच येतं, कारण सांगत नाहीत. नाव आखूड करा, जाईल.

नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखं दिसणारं कोलन, अवतरण चिन्ह किंवा उभी रेघ नको. विंडोजला ती चालत नाहीत. फोनवर चालली तरी संगणकाकडे येताना नाव बदलतं, आणि नाव बदललं की यादी तुटली.

दरवेळी सगळी गाणी नव्याने कॉपी होत असतील

केबलने फोन जोडून सिंक करणारी, म्हणजे दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवणारी, साधनं फाइलीची तारीख बघून नवी-जुनी ठरवतात. फोनवर फाइल गेली की बऱ्याचदा तिला मूळ तारखेऐवजी कॉपी झाल्याची तारीख लागते. मग पुढच्या वेळी साधनाला प्रत्येक फाइल बदललेली वाटते आणि पुन्हा सगळं चालू होतं. फ्रीफाइलसिंकसारख्या साधनात तुलना तारखेऐवजी आकारावर ठेवा.

वाय-फायवरून सिंक

केबलीचा कंटाळा असेल तर सिंकथिंग चांगलं. फुकट आहे, मुक्त आहे आणि गाणी कुणाच्या सर्व्हरवर ठेवत नाही. अँड्रॉइडसाठीचं त्याचं मूळ अ‍ॅप २०२४च्या अखेरीस बंद झालं, आता सिंकथिंग-फोर्क वापरतात. इंटरनेट नसलं तरी चालतं, दोन्ही यंत्रं एका वाय-फायवर असली की पुरे. गावात राउटर नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा. मात्र अ‍ॅपमध्ये 'फक्त वाय-फायवर चालव' अशी अट असेल तर हॉटस्पॉटवर ते गप्प बसतं, ती अट काढा.

फोन दिसतच नसेल तर विंडोजमध्ये ते नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलं गेलंय का बघा, 'प्रायव्हेट' करा. घरच्या राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या जाळ्यावर फोन असेल तर तिथून संगणक दिसत नाही. आणि फोनच्या बॅटरी बचतीतून हे अ‍ॅप वगळा, नाहीतर पडदा बंद झाल्यावर थोड्या वेळात सिंक थांबतं.

'पुढच्या आठवड्यात निम्मी यादी गायब' हा प्रकार इथूनच येतो. संगणकावर यादीत दोन अभंग वाढवले, त्याच दिवशी फोनवर कुणी एक काढला. दोन्हीकडे बदललेली एकच फाइल साधनाला जोडता येत नाही. सिंकथिंग अशा वेळी एक प्रत ठेवून दुसरीच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' आणि तारीख घालतं. फोल्डरमध्ये तसलं नाव दिसलं तर हरवलेली गाणी त्याच फाइलीत आहेत, पुसू नका, उघडून मूळ यादीत जोडा. पुढे असं होऊ नये म्हणून मालक एकच ठेवा. संगणकावर 'फक्त पाठव', फोनवर 'फक्त घे'. मंडळात चार जणांच्या फोनवर यादी जाते तेव्हा तर हे हवंच. बुवांना क्रम बदलायचा असेल तर त्यांनी संगणक सांभाळणाऱ्याला सांगावं, आपल्या फोनवर बदलू नये.

व्हॉट्सॲपवरून आलेली गाणी

आपल्याकडे निम्मा संग्रह इथूनच येतो. ही गाणी थेट व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधूनच यादीत घालू नका. चॅट साफ केली आणि सोबत मीडियाही पुसला की गाणं जातं आणि यादीत रिकामा पत्ता उरतो. शिवाय नावं तारीख आणि क्रमांकाची असतात, त्यातून काही कळत नाही. आधी 'गाणी' फोल्डरमध्ये कॉपी करा, नाव द्या, मग यादीत घ्या.

आयफोन आणि ऑनलाइन सेवा

आयफोनवर 'सिंक लायब्ररी' चालू असेल तर संगणकावरून केबलने गाणी जात नाहीत, क्लाउड आणि केबल यांतलं एक निवडावं लागतं. मॅकवर २०१९ नंतर हे काम आयट्यून्सऐवजी फाइंडरमध्ये होतं. विंडोजवर 'अ‍ॅपल डिव्हाइसेस' हे अ‍ॅप टाकलं असेल तर सिंक त्यातून होतं, आयट्यून्समध्ये शोधत बसू नका.

स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक अशा सेवांत यादी त्यांच्याकडे असते. दोन्हीकडे वेगळी यादी दिसली तर आधी खातं तपासा. संगणकावर मुलाचं जीमेल आणि फोनवर वडिलांचं, हे सर्रास आढळतं. उतरवून ठेवलेली गाणी फक्त त्याच यंत्रावर असतात, आणि ३० दिवसांत एकदा तरी नेटला जोडलं नाही तर ती वाजणं बंद होतं. बिननेटवर्कच्या गावात राहणाऱ्याने आठवडी बाजाराला तालुक्याच्या गावी आल्यावर अ‍ॅप एकदा उघडून ठेवावं.

सगळं नव्याने लावणार असाल तर अख्खा संग्रह एकदम हलवू नका. तीन गाण्यांची चाचणी यादी करा : एक इंग्रजी अक्षरांतल्या नावाचं, एक 'ऱ्य' असलेलं मराठी, एक दीर्घ ओकार असलेलं कन्नड. ती फोनवर टाका, विमान मोड लावा आणि तिन्ही वाजवून बघा. पहिलंच अडलं तर पत्ता, नाहीतर यादीचा प्रकार किंवा परवानगी तपासा. दुसरं-तिसरं अडलं तर नावांकडे वळा. तिन्ही लागली की मगच बाकीचा संग्रह पाठवा.